देणाऱ्याच्या गावी

लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी होती आणि तिथे कंपनीच्या भागधारकांच्या सभा भरत. ज्याच्या नावावर हजार पौंडांचे भाग, त्याला एक मत. तीन हजारांना दोन, सहा हजारांना तीन आणि दहा हजारांना चार. १८४० च्या दशकात या सभांत लाभांशाच्या जोडीने एक वेगळाच विषय पुन्हा पुन्हा निघे: साताऱ्याच्या छत्रपतींना गादीवरून काढले, ते न्यायाला धरून होते का? सातारा कुठे आहे हे ज्यांना नकाशात बोट ठेवून दाखवता आले नसते, असे लोक त्यावर हात वर करून मत देत. हा विषय विझू न देणारे गृहस्थ होते रंगो बापूजी गुप्ते, छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे वकील. १८३९ च्या सुमारास ते देशाबाहेर पडले आणि १८५३ च्या अखेरीस परतले.

परक्या देशात इतका काळ राहून आपल्या राज्याची बाजू मांडणारा असा मराठी माणूस त्या काळात दुसरा दाखवणे कठीण आहे. त्यांच्या या खटपटीची गोष्ट साधारणपणे स्वामिनिष्ठेची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण ती आणखी एका प्रश्नाची गोष्ट आहे. एखादे राज्य दुसऱ्याच्या आधारावर उभे असले, आणि त्या आधार देणाऱ्याशीच बिनसले, तर काय होते? हा प्रश्न सातारा-सांगलीच्या मातीतल्या माणसांपुढे पुढेही आला. सव्वाशे वर्षांनी देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण तोच प्रश्न घेऊन वॉशिंग्टनला गेले होते. आज विटा-आटपाडीकडचा माणूस काठमांडूत बसून त्याच प्रश्नाची उलटी बाजू पाहतो.

तहाचा अर्थ कोण लावणार?

फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि पेशव्यांच्या ताब्यातले प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. पेशवाई बुडवल्यावर मराठा सरदारांना आणि रयतेला धीर देण्यासाठी एक मराठी गादी राखणे कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याला सोयीचे वाटले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने सातारचे राज्य तयार झाले. पश्चिमेला सह्याद्री, उत्तरेला नीरा-भीमा, दक्षिणेला वारणा-कृष्णा आणि पूर्वेला निजामाची हद्द.

या तहात दोन कलमे शेजारी शेजारी नांदत होती. एका कलमाने हे राज्य महाराजांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना कायमच्या सार्वभौमत्वाने दिले होते. दुसऱ्या कलमाने सार्वभौम राजाकडे जे असायला हवे, ते काढून घेतले होते. कंपनीच्या संमतीशिवाय फौज वाढवायची नाही, कमी करायची नाही. रेसिडेंटच्या, म्हणजे साताऱ्यातल्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या, परवानगीवाचून बाहेरच्या कोणाही सत्ताधीशाशी वा सरदाराशी पत्रव्यवहार करायचा नाही. ही अट मोडली तर तहाने मिळालेले सारे फायदे गमावण्याची तरतूदही तिथेच होती.

पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट, म्हणजेच पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, याने सुरुवातीला कारभार स्वतः पाहिला आणि १८२२ मध्ये महाराजांच्या हाती दिला. महाराजांनी तो उत्तम केला. रस्ते झाले, शहराला पाणी आले, शाळा निघाल्या. कंपनीच्या संचालकांनी १८३५ मध्ये खूश होऊन मानाची तलवार मंजूर केली. ती मुंबईपर्यंत आली, साताऱ्यापर्यंत पोहोचलीच नाही.

तलवार मुंबईत अडकली त्यामागे जहागिरींचा वाद होता. अक्कलकोट, भोरचे पंतसचिव, औंधचे पंतप्रतिनिधी, जतचे डफळे, फलटणचे निंबाळकर आणि वाईचे शेख मिरे असे सहा जहागीरदार साताऱ्याच्या छत्राखाली होते, पण त्यांच्या जहागिरींना कंपनीची हमी होती. मग जहागीरदार निपुत्रिक मेला, तर दत्तकाला मंजुरी द्यायची कोणी? जहागीर खालसा झाली तर जायची कोणाकडे? महाराज म्हणत, सार्वभौम मी आहे. मुंबई सरकार म्हणे, हमी आमची आहे. तहाचे शब्द दोन्ही बाजूंना पुरतील असे होते. फरक एवढाच की मतभेद झाला, तर तहाचा अर्थ सांगणारी तिसरी संस्था अस्तित्वात नव्हती. ज्याच्याशी भांडण, तोच न्यायाधीश.

१८३६ पासून महाराजांवर तीन आरोप ठेवले गेले: कंपनीच्या पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितवण्याचा प्रयत्न केला, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरशी संधान बांधले आणि नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी पत्रव्यवहार ठेवला. चौकशी झाली ती महाराजांच्या पाठीमागे; साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची संधी त्यांना मिळाली नाही. ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कारनॅक साताऱ्याला आला. त्याने पुढे केलेल्या कागदावर सही केली तर गादी राहील, असा प्रस्ताव होता. त्या कागदात अपराधाची कबुली दडलेली होती. महाराजांनी सही नाकारली. सप्टेंबरमध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले आणि धाकटे बंधू शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब गादीवर बसले.

तीन आरोपांपैकी दोन आरोप बाहेरच्या सत्ताधीशांशी बोलल्याचे होते. ते खरे होते की कुभांड, याचा वाद पुष्कळ झाला. पण आधार देणाऱ्याला कशाची धास्ती वाटते, हे त्यातून स्वच्छ दिसते. आश्रिताने दुसरीकडे पाहिले, हाच मोठा गुन्हा.

लंडनमध्ये दिसलेली कंपनी

साताऱ्यातून कंपनी म्हणजे एकच भिंत दिसे. लंडनमध्ये राहिल्यावर रंगो बापूजींना त्या भिंतीतले सांधे दिसू लागले. संचालक मंडळ वेगळे, त्यावर देखरेख करणारे सरकारी बोर्ड ऑफ कंट्रोल वेगळे, भागधारकांची सभा वेगळी आणि पार्लमेंट आणखी वेगळे. मुंबई सरकारने केलेली गोष्ट यांपैकी प्रत्येकाला सारखीच आवडलेली असेल असे नव्हते.

रंगो बापूजींनी या प्रत्येक सांध्यावर काम केले. निवेदने छापून वाटली, सभांना हजेरी लावली, मित्र जोडले. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीने इंग्लंड गाजवणारे जॉर्ज थॉम्सन साताऱ्याच्या बाजूने भागधारकांच्या सभेत बोलू लागले. पार्लमेंटचे सभासद जोसेफ ह्यूम यांनी हा प्रश्न लावून धरला. साताऱ्याचे रेसिडेंट राहिलेले जॉन ब्रिग्ज महाराजांच्या बाजूने उभे राहिले. महाबळेश्वरचा लॉडविक पॉइंट ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो जनरल लॉडविक आरोपांच्या सुरुवातीच्या काळात साताऱ्याचा रेसिडेंट होता. तोही पुढे महाराजांच्या समर्थकांत आला. हे सारे परोपकारी होते असे नाही. काहींचे कंपनीशी जुने हिशेब होते, काहींना मुक्त व्यापार हवा होता, काहींना खरोखरच अन्याय खुपत होता. देणाऱ्याच्या गावात देणाऱ्याचे विरोधकही राहतात, आणि ते शोधायचे तर त्या गावातच राहावे लागते, हे रंगो बापूजींनी फार लवकर ओळखले.

तरीही ते हरले. पहिले कारण असे की भागधारकांच्या सभेत भाषणे कितीही झाली तरी अखेरचे मत संचालकांच्या बाजूने पडे, आणि संचालकांच्या वर बोर्ड ऑफ कंट्रोल बसलेले. तिथे सर जॉन हॉबहाउस दोन वेळा मिळून बरीच वर्षे अध्यक्ष होता आणि त्याला साताऱ्याबद्दल सहानुभूती नव्हती. दुसरे कारण पैशाचे. वकिलातीचा खर्च चालायचा तो काशीहून येणाऱ्या रकमेवर. काशीतले महाराज स्वतः कंपनीने ठरवलेल्या नेमणुकीवर. म्हणजे कंपनीविरुद्धचा दावा शेवटी कंपनीच्याच पैशावर चालला होता. ती रक्कम आटली की लंडनमधले कर्ज वाढे. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी महाराज काशीत वारले, त्यानंतर तर आधारच सरला.

५ एप्रिल १८४८ रोजी शहाजीराजेही वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. आता १८१९ च्या तहातले 'वारस आणि उत्तराधिकारी' हे शब्द कसोटीला लागले. दत्तक पुत्र त्यात बसतो की नाही? मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लर्क म्हणाला, बसतो. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रिअरचे मतही दत्तकाच्या बाजूचे होते. पण क्लर्कच्या जागी आलेल्या फॉकलंडने आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने उलट अर्थ लावला, आणि १८४९ च्या आरंभी लंडनच्या संचालकांनी तो मान्य केला. 'कायमचे सार्वभौमत्व' तीस वर्षे टिकले. संस्थाने खालसा करण्याच्या डलहौसीच्या धोरणाचा पहिला मोठा बळी सातारा.

रंगो बापूजी परतले आणि १८५७ च्या उठावात साताऱ्याच्या कटाचे सूत्रधार म्हणून त्यांचे नाव पुढे आले. त्यांचा मुलगा सीताराम याच्यासह सतरा जणांना ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडा माळावर मृत्युदंड देण्यात आला. रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. अर्ज, निवेदने आणि सभा यांवर इतकी वर्षे घालवलेला माणूस शेवटी बंडाकडे वळला, कारण दाद मागायला दुसरी जागा उरली नव्हती.

देवराष्ट्र्याहून वॉशिंग्टन

यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ मध्ये देवराष्ट्र्याचा. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले, म्हणून ते आज सांगलीकर ठरते. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनकडून मार खाल्लेल्या देशाचे संरक्षणमंत्रिपद त्यांच्याकडे आले.

भारत आता सार्वभौम प्रजासत्ताक होता. सातारच्या राज्याशी त्याची बरोबरी नाही. पण त्या महिन्यात दिल्लीची स्थिती नाजूक होती. पंडित नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना विमानांसाठी पत्रे लिहिली होती. अमेरिका आणि ब्रिटन यांनी मदत देऊ केली, डिसेंबरमध्ये बारा कोटी डॉलरच्या तातडीच्या लष्करी साहाय्यावर त्यांचे एकमत झाले. त्याच सुमारास दिल्लीत आलेल्या हॅरिमन आणि सँडिस या दोघा प्रतिनिधींनी आणखी एक विषय काढला: काश्मीरबाबत पाकिस्तानशी बोला. डिसेंबर १९६२ ते मे १९६३ या काळात भारताचे स्वर्णसिंग आणि पाकिस्तानचे भुट्टो यांच्यात चर्चेच्या सहा फेऱ्या झाल्या. निष्पन्न काही झाले नाही. मदतीच्या कागदावर काश्मीर हा शब्द असण्याची गरज नव्हती. तो मदतीच्या वेळापत्रकात होता.

मे १९६४ मध्ये यशवंतराव स्वतः वॉशिंग्टनला गेले. हवाई दलासाठी एफ-१०४ ही स्वनातीत विमाने हवी होती. पाकिस्तानला ती आधीच मिळालेली होती. अमेरिकेचे उत्तर अनुकूल नव्हते. संरक्षणावर जास्त खर्च केलात तर विकासाची मदत वाया जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. दौरा चालू असतानाच २७ मे रोजी नेहरूंचे निधन झाले आणि यशवंतराव परतले. त्याच वर्षी ऑगस्टअखेर ते मॉस्कोला गेले, सप्टेंबरमध्ये करार झाला. मिग-२१ विमाने भारतात बांधण्याच्या योजनेला त्यातून जोर आला. त्यातला विमानाच्या सांगाड्याचा कारखाना नाशिकजवळ ओझरला उभा राहिला.

रंगो बापूजी आणि यशवंतराव यांच्यातला फरक इथे आहे. साताऱ्याच्या राजाला दुसऱ्या सत्तेशी बोलण्याचीच बंदी होती. यशवंतरावांना एका राजधानीत नकार मिळाला, तेव्हा दुसऱ्या राजधानीचे दार ठोठावता आले. मॉस्कोही काही धर्मादाय संस्था नव्हती. त्या मैत्रीची किंमत भारताने पुढे अनेक ठिकाणी मौन पाळून मोजली. पण दोन दारे असली की कोणत्याही एका घरमालकाला सगळ्या अटी एकट्याने घालता येत नाहीत.

गव्हाचा हिशेब

शस्त्रांबाबत दुसरे दार सापडले; धान्याबाबत सापडले नाही. 'पीएल ४८०' हे नाव साठच्या दशकात मोठ्या झालेल्या मराठी माणसाला पाठ आहे. अमेरिकेचा हा कायदा १९५४ चा. तिथले शेतकरी गरजेपेक्षा जास्त पिकवत होते, सरकार ते हमीभावाने घेत होते आणि कोठारे तुडुंब भरली होती. ते धान्य गरजू देशांना त्यांच्याच चलनात विकायचे, अशी ही योजना. भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. मे १९६० मध्ये तेव्हाचे अन्नमंत्री, मुंबईचे स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनला जाऊन चार वर्षांसाठी एक कोटी साठ लाख टन गहू आणि दहा लाख टन तांदूळ यांचा करार केला.

यातली खुबी अशी की डॉलर मोजावे लागत नव्हते. भारत सरकार गव्हाचे पैसे रुपयांत भरे आणि ते अमेरिकेच्या खात्यात भारतातच पडून राहत. त्यातला मोठा भाग अमेरिका भारतालाच विकासकामांसाठी कर्ज वा अनुदान म्हणून परत देई. काही भाग वकिलातीच्या खर्चासाठी राखून ठेवी. १९६२ पासून याच रुपयांतून अमेरिकेच्या काँग्रेसचे ग्रंथालय भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन तिथल्या विद्यापीठांना पाठवू लागले. शिकागोसारख्या विद्यापीठांच्या कपाटांत साठोत्तरी मराठी पुस्तके दिसतात, त्याच्या मुळाशी हा गव्हाचा रुपया आहे.

या गव्हाच्या नावावर एक आळही आहे. रानात माजणारे गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, पीएल ४८० च्या गव्हातून आले असे घरोघरी सांगितले जाते. पुण्यात ते आढळल्याची नोंद १९५५ ची आहे, म्हणजे या कायद्याखालच्या पहिल्या कराराच्या आधीची. अमेरिकन गहू त्यापूर्वीही येत होता. १९५१ मध्ये अमेरिकेने धान्यासाठी भारताला १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. तेव्हा गवताचे बी परदेशी धान्यातून आले असेलही, पण त्यासाठी पीएल ४८० ला दोषी धरता येत नाही. तरी लोकांनी नाव निवडले ते हेच. फुकटासारखे मिळालेले अन्न कुठेतरी सलत होते, ते असे गवतावर निघाले.

१९६५ आणि १९६६ ही दोन्ही वर्षे पावसाने दगा दिला. नेमका त्याच वेळी चार वर्षांचा करार संपला होता आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी लांबचा करार करण्याचे थांबवले. धान्य थोडे थोडे, काही आठवड्यांच्या गरजेपुरते सोडायचे. प्रत्येक खेपेला परवानगी अध्यक्षांची. भारताने शेतीचे धोरण बदलावे, हा एक हेतू होता. व्हिएतनामवरच्या बाँबहल्ल्यांबद्दल दिल्लीने केलेली टीका त्यांना खुपत होती, हा दुसरा. सप्टेंबर १९६५ मध्ये भारत-पाक युद्ध सुरू होताच अमेरिकेने दोन्ही देशांची लष्करी मदतही तोडली. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले ते याच काळातले. १९६६ मध्ये एक कोटी टनांहून जास्त धान्य आयात करावे लागले. बोट बंदराला लागली की त्यातले धान्य थेट रेशनच्या दुकानात जाई. मधे साठा असा नव्हताच. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांना गेला. त्यासाठी जागतिक बँकेचा आणि मदत देणाऱ्या देशांचा आग्रह होता, हे तेव्हाही उघड होते.

मदतीचे गणित इथे नीट समजते. टनांचा आकडा मोठा होता म्हणून भारत अवलंबून होता असे नाही. १९६० मध्येही धान्य भरपूर येत होते, पण चार वर्षांची खात्री होती. १९६६ मध्ये ती खात्री काढून घेतली गेली. मिळणारी वस्तू तीच, पण ती कधी मिळेल हे ठरवण्याची सत्ता समोरच्याच्या हातात गेली.

तासगावचे उत्तर

पुढची कसोटी १९७१ ची. तेव्हा यशवंतराव अर्थमंत्री होते. बांगलादेशाच्या युद्धाला तोंड फुटताच, डिसेंबरच्या सुरुवातीला, अमेरिकेने ८ कोटी ७६ लाख डॉलरची आर्थिक मदत रोखली. १९६६ मध्ये असे झाले असते तर हाहाकार उडाला असता. १९७१ मध्ये तो उडाला नाही, कारण पंजाब-हरियाणात नव्या गव्हाचे पीक आले होते, सरकारी गोदामांत साठा होता, आणि त्याच ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झालेला होता. मदत तोडण्याची धमकी जिथे चालली नाही, तिथे ती शेतातच बोथट झाली होती.

महाराष्ट्राच्या नशिबी मात्र लगेच १९७२ चा दुष्काळ आला. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ या पट्ट्यातल्या कोणत्याही ज्येष्ठ माणसाला विचारा. मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, तिची न पचणारी भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी अजून त्यांच्या बोलण्यात येते. पण तेव्हाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुकडी नव्हती. ती होती दुष्काळी कामे. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडत होती, रस्ते करत होती, पाझर तलाव आणि नालाबांध घालत होती.

या कामांमागची कल्पना सांगली जिल्ह्यातली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात तिचा प्रयोग करून पाहिला होता. मागेल त्याला काम, कामाला दाम, आणि कामातून शेतीला उपयोगी पडेल असे काहीतरी उभे राहायचे. त्याचीच पुढे रोजगार हमी योजना झाली; १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिचा पैसा आला तो मुख्यतः महाराष्ट्राच्याच करांतून. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसायकर हा त्यातला ठळक भाग. मुंबईतल्या कारकुनाच्या खिशातून जतच्या मजुराच्या हातात, अशी ही वाट होती. त्यात वॉशिंग्टन नव्हते आणि मॉस्कोही नव्हते. योजनेत गळती होती, हजेरीपटावर खोटी नावे होती, अर्धवट राहिलेले तलाव होते. पण तिच्या अटींचा अर्थ लावायला मजूर, संघटना आणि न्यायालय यांना जागा होती. २००५ च्या देशव्यापी रोजगार हमी कायद्याचे मूळ इथे आहे.

पीएल ४८० च्या रुपयांचा हिशेब यशवंतराव अर्थमंत्री असतानाच मिटला. अमेरिकेच्या खात्यात इतके रुपये साचले होते की ते खर्च करणे अमेरिकेलाही अशक्य होते आणि ते तसेच राहणे भारताला अवघड वाटत होते. १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेचे राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी भारत सरकारला १६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला. तेव्हाचा तो जगातला सर्वांत मोठ्या रकमेचा धनादेश म्हणून नोंदला गेला. उरलेली रक्कम अमेरिकेने आपल्या भारतातल्या खर्चासाठी ठेवली. गहू केव्हाच खाऊन झाला होता. उरलेला हिशेब मिटायला मात्र १९७४ उजाडावे लागले.

काठमांडूतून दिसणारा भारत

आता भारत स्वतः देणाऱ्यांत आहे. २००३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री जसवंतसिंगांनी मोजक्या देशांखेरीज इतरांची द्विपक्षीय मदत घेणे बंद करण्याचे जाहीर केले. २००४ च्या त्सुनामीत भारताने परदेशी सरकारांची मदत नाकारली आणि श्रीलंकेला आपली जहाजे पाठवली.

देणारा झालेला भारत कसा दिसतो, हे पाहायचे तर खानापूर, आटपाडी, माण, खटाव भागातल्या गलाई कारागिरांकडे जावे. सोने-चांदी गाळण्याचे काम करणारी ही मंडळी दुष्काळी गावे सोडून देशभर पसरली आणि काही थेट नेपाळपर्यंत पोहोचली. घरी दुष्काळ आणि पोट परदेशात, अशा माणसाला नेपाळचे राजकारण वर्तमानपत्रातून वाचावे लागत नाही. ते गॅसच्या टाकीच्या किमतीतून कळते.

नेपाळला समुद्र नाही. मीठ, इंधन, औषधे बहुतांश भारताच्या सीमेवरून येतात. पन्नासच्या दशकात काठमांडूला तराईशी जोडणारा त्रिभुवन राजपथ भारतीय लष्कराच्या अभियंत्यांनी बांधला. मैत्रीची ही खूण खरी आहे. तितकेच खरे हे की १९८८ मध्ये नेपाळने चीनकडून शस्त्रे घेतली आणि मार्च १९८९ मध्ये व्यापार व पारगमनाचे करार संपताच भारताने दोन सोडून सर्व नाकी बंद केली. आश्रिताने दुसरीकडे पाहिल्याचा राग, हे सूत्र १८३६ च्या साताऱ्याला ओळखीचे वाटले असते. २० सप्टेंबर २०१५ रोजी नेपाळने नवी राज्यघटना स्वीकारली, तराईतल्या मधेशी जनतेचे आंदोलन पेटले आणि सीमेवर मालमोटारी थांबल्या. भारताने म्हटले, आंदोलनामुळे. नेपाळने म्हटले, नाकेबंदी. नेपाळमधल्या एप्रिलच्या भूकंपाला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. त्याच भूकंपात सर्वांत आधी धावलेला देशही भारतच होता. पण काठमांडूच्या रांगेत रिकामी टाकी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला एप्रिलमधली मदत आठवत नव्हती. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी पारगमनाचा करार केला. हिमालय ओलांडून माल आणणे महाग आणि कठीण आहे, हे दोन्ही देशांना ठाऊक होते. तरी करार झाला, कारण त्यातून दिल्लीला सांगायचे ते सांगून झाले.

तीन प्रश्न

परदेशी मदतीबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात: मदत म्हणजे उपकार, किंवा मदत म्हणजे गुलामी. सातारा-सांगलीच्या या अनुभवांतून दोन्ही मते अपुरी ठरतात. मिलोने माणसे जगवली, हे खरे. १८१९ च्या तहाने छत्रपतींची गादी काही काळ राखली, हेही खरे. धोका मदत घेण्यात नसतो. तो कराराच्या तीन जागांमध्ये असतो. शब्दांचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे? वेळ ठरवण्याचा अधिकार कोणाकडे? आणि बिनसले तर दुसरी सोय काय? या तिन्हींची उत्तरे एकाच पक्षाकडे असतील, तर मदतीची रक्कम लहान असो वा मोठी, घेणारा अंकित झालाच.

रंगो बापूजींच्या वेळी तिन्ही उत्तरे लेडनहॉल स्ट्रीटवर होती. १९६६ मध्ये त्यांतली दोन वॉशिंग्टनमध्ये होती. १९७१ पर्यंत भारताने ती बरीचशी परत आणली, आणि ती आणण्यात यशवंतरावांच्या मॉस्कोच्या फेरीइतकाच पंजाबच्या गव्हाचा आणि पागेंच्या योजनेसारख्या घरच्या खर्चाने केलेल्या प्रयोगांचा वाटा होता. आता तेच तीन प्रश्न शेजारी देश दिल्लीला विचारत आहेत. त्यांची उत्तरे दिल्लीने स्वतःकडेच ठेवायचा हट्ट धरला, तर शेजाऱ्यांनी दुसरीकडे पाहिल्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार निदान साताऱ्याचा इतिहास वाचलेल्या माणसाला तरी उरत नाही.